निर्भीक की जुने मार्क ३? झाकून बाळगण्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरची पारख

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार मालाची आडत करणाऱ्या आमच्यासारख्यांचे बहुतेक व्यवहार आता बँकेतून होतात हे खरे असले, तरी शिरूर, इंदापूर, बारामतीकडची वसुली अजूनही थोडीफार रोखीत येते आणि ती घेऊन उशिरा परतण्याचा प्रसंग टळत नाही. त्या कारणासाठी घरात शस्त्र परवाना पूर्वीपासून आहे. मात्र परवान्यावरची वडिलांच्या काळातील लांब नळीची बंदूक शेतावरच्या घराला शोभणारी होती. ती खांद्याला लावून कोणी टेम्पोत बसत नाही. म्हणून तिच्या जागी अंगावर सहज राहील असे लहान रिव्हॉल्व्हर घ्यायचे ठरवले. त्या निमित्ताने जी शस्त्रे हाताळली, त्यांतील तीन-चारांविषयी आणि मुख्यतः ऑर्डनन्स फॅक्टरीच्या निर्भीक आणि मार्क ३ या दोन .३२ बोअरच्या, म्हणजे साधारण .३२ इंच व्यासाच्या नळीच्या, रिव्हॉल्व्हरांविषयी येथे लिहीत आहे. या विषयावर मराठीत जे वाचायला मिळते त्यात निम्मा बडेजाव आणि निम्मी ऐकीव माहिती असते. विकत घेणाऱ्याला ज्या गोष्टी दुकानात उभे राहून ठरवाव्या लागतात, त्या कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट कायद्याची. ‘झाकून बाळगणे’ ही आपल्याकडे आवडीनिवडीची बाब नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी लहान शस्त्र न्यायचे असेल, तर ते अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात अथवा पाठपिशवीत असावे लागते, ते पूर्णपणे झाकलेले असावे लागते आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असावा लागतो. लग्नाच्या वरातीत, जत्रेत, मिरवणुकीत शस्त्र परजणे किंवा हवेत गोळी झाडणे याला तर सक्त मनाई आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तेव्हा शर्टाची बाजू वर करून मूठ दाखवणारे जे फोटो समाजमाध्यमांवर फिरतात, ते काढणाऱ्याने आपला परवाना आपल्याच हाताने पणाला लावलेला असतो. मला या नियमातून खरेदीची कसोटी मिळाली. जे रिव्हॉल्व्हर पुण्याच्या उन्हाळ्यात, अर्ध्या बाह्यांच्या सुती शर्टाखाली, दुचाकीवर आणि पेढीच्या गादीवर दिवसभर कोणाच्या लक्षात न येता आणि स्वतःला न टोचता राहते, ते लहान. कागदावर त्याची लांबी किती मिलिमीटर लिहिली आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी गोष्ट अशी, की आपल्यापुढे पर्याय फारसे नसतात. लहान रिव्हॉल्व्हर म्हटले की परदेशी लेखांमधून ‘चीफ्स स्पेशल’चे नाव हमखास पुढे येते. स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये काढलेले हे .३८ स्पेशलचे पाच गोळ्यांचे, दोन इंचांच्या आसपासच्या नळीचे रिव्हॉल्व्हर आणि घोडा (काडतुसावर आपटणारा भाग) आत झाकलेले त्याचे पुढचे भाऊबंद, तसेच रुगर कंपनीचे २००९ मधले हलके एलसीआर, यांच्यावर अमेरिकेत पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. ते सगळे वाचायला चांगले आहे, पण पुण्यातल्या परवानाधारकाला त्याचा उपयोग तत्त्वापुरताच. ९ मिलिमीटर, .३८० आणि .४५५ ही सेनादलांची आणि पोलिसांची काडतुसे चालणारी शस्त्रे सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, आणि विक्रीसाठी परदेशी शस्त्रे आणणे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यापूर्वी आलेली जी जुनी परदेशी शस्त्रे परवान्यावरून परवान्यावर फिरतात, त्यांच्या किमती त्यांच्या गुणांशी नव्हे, तर दुर्मिळतेशी बांधलेल्या असतात. लाखांत मोजाव्या लागणाऱ्या अशा एका जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत डोकावून पाहिले, तेव्हा आतल्या आट्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) इतक्या झिजलेल्या दिसल्या की त्याला शोकेसमध्येच मान मिळावा असे वाटले. म्हणजे उरते ते अप्रतिबंधित .३२ बोअर, आणि त्यात मुख्यतः कानपूरचा माल.

या मालाचा कारखानदार कोण, याबद्दल दुकानांत अजून ‘ऑर्डनन्स’ असेच म्हणतात. प्रत्यक्षात १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. शस्त्रे कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे गेली, तर दारूगोळा म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आला, जिचे मुख्यालय पुण्यातच आहे. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे दिसली तर ती खडकीची खूण समजावी. १८६९ पासूनच्या त्या दारूगोळा कारखान्याचे जुने इंग्रजी नाव किर्की. कानपूरचे रिव्हॉल्व्हर आणि खडकीचे काडतूस असा हा जोडा पुणेकराला थोडा घरचा वाटतो, एवढे कबूल करतो.

आता मार्क ३ विषयी. सहा घरांचे (फिरत्या चक्रात काडतुसांसाठी सहा जागा असलेले), तीन इंची नळीचे, सुमारे १७८ मिलिमीटर लांबीचे आणि रिकामे असताना साधारण ७०० ग्रॅम भरणारे हे रिव्हॉल्व्हर, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने वापरलेल्या वेब्लीच्या .३८ रिव्हॉल्व्हरवरून बेतलेले आहे. चक्र बाजूला निघत नाही. डाव्या अंगाला असलेली कळ अंगठ्याने दाबली की नळी आणि चक्र बिजागरीवर पुढे झुकते आणि मधला तारा वर उचलला जाऊन सहाच्या सहा पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. ही रचना आज जगात फारशी कोणी वापरत नाही, कारण जोरकस काडतुसांचा ताण तिच्या बिजागरीला आणि कुलपाला सोसत नाही, पण.३२ सारख्या सौम्य काडतुसाला ती पुरते, आणि नवख्या माणसाला शस्त्र रिकामे झाले की नाही हे एका नजरेत दिसते हा तिचा मोठा गुण आहे. दुकानात काउंटरवर ते उघडून पाहताना दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. नळी बंद केल्यावर कुलपाचा आवाज एकदाच आणि कोरडा यावा, आणि बंद स्थितीत नळीचे टोक दोन बोटांनी हलवले असता सांध्यात खडखड जाणवू नये. मला दाखवलेल्या नगांपैकी एकाला अशी खडखड होती. दुकानदाराने “नवे आहे, बसेल हळूहळू” असे सांगितले. पण सांध्यातील सैलपणा वापराने वाढतो, तो बसत नाही, तेव्हा मी दुसरा नग मागितला. घडणीच्या बाबतीत एका कारखान्यातून निघालेल्या दोन नगांत इतका फरक पडावा ही या शस्त्राची सर्वांत मोठी उणीव आहे. कडा धारदार राहिलेल्या असतात, चापाच्या कड्याच्या आतल्या बाजूला कानशीचे ओरखडे दिसतात, आणि एवढी किंमत मोजताना ते डोळ्यांना खुपते.

निर्भीक हे त्याचे हलके भावंड. जानेवारी २०१४ मध्ये ते बाजारात आले, तेव्हा महिलांसाठीचे देशातील पहिले रिव्हॉल्व्हर म्हणून त्याचा गाजावाजा झाला. नाव दिल्लीच्या २०१२ मधील निर्भया प्रकरणाची आठवण ठेवून दिलेले, किंमत १,२२,३६० रुपये आणि सोबत दागिन्याला शोभेल अशी तांबूस-तपकिरी मखमली पेटी. त्याच वेळी त्यावर टीकाही झाली, की बाईच्या हाती दीड-दोन वर्षांच्या पगाराएवढे शस्त्र देऊन तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी तिच्यावरच ढकलण्याचा हा प्रकार आहे. मला ती टीका पटते, पण येथे विषय शस्त्राचा आहे. बोअर तेच, घरे सहाच, नळी उघडण्याची पद्धत तीच, फरक वजनाचा. टायटेनियमच्या मिश्रधातूमुळे ते सुमारे ५२५ ग्रॅमवर आले आहे. हातात घेताच हा फरक जाणवतो आणि खरेदीदार तेथेच विरघळतो. काउंटरपाशी उभे राहून हलके शस्त्र नेहमीच चांगले वाटते.

याच ठिकाणी थांबून नीट विचार करायला हवा, कारण बहुतेकांची निवड येथे चुकीच्या कारणाने होते. वजन पाऊणपट झाले, तर त्याच काडतुसाने हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सुमारे एकतृतीयांशाने वाढते. हे गणित कोणत्याही धातूला चुकवता येत नाही. .३२ चा धक्का मुळात फार नसल्यामुळे हा वाढीव भाग सहन होतो, हेही तितकेच खरे. खरा प्रश्न धक्क्याचा नसून चापाचा आहे. घोडा हाताने मागे न ओढता नुसत्या चापाने गोळी झाडायची, तर बोटावर येणारा जोर रिव्हॉल्व्हरच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट असतो. शस्त्र जितके हलके, तितका तो जोर नळीला बाजूला खेचतो. दोन्ही शस्त्रांचे चाप कडक आहेत. त्यांची ओढ लांब आहे आणि मध्येच एक टप्पा लागल्यासारखी अडखळते. पण मार्क ३ चे वजन त्या ओढीला थोडेफार धरून ठेवते आणि निर्भीक धरून ठेवत नाही.

हे पाहण्याची एक सोपी रीत प्रशिक्षणात शिकवली होती. शस्त्र रिकामे आहे याची दोघांनी खात्री करायची, घरांत खोटी काडतुसे घालायची, नळीच्या पाठीवर माशीच्या (नेम धरण्याच्या टोकावरील उंचवट्याच्या) मागे एक रुपयाचे नाणे ठेवायचे आणि भिंतीकडे रोखून चाप सलग ओढायचा. घोडा पडल्यावरही नाणे जागेवर राहिले, तर हात आणि चाप यांचे जमते आहे. दुकानदाराच्या परवानगीने मी आणि माझ्या पत्नीने हा प्रयोग दोन्ही शस्त्रांवर करून पाहिला. माझे नाणे मार्क ३ वर बहुतेक वेळा टिकले आणि निर्भीकवर बहुतेक वेळा पडले. पत्नीच्या बाबतीत निराळाच अडथळा आला. तिचे बोट लहान आहे, आणि चाप पुढे असताना तो पेरावर न येता बोटाच्या अगदी टोकावर येत होता. त्यामुळे ओढ पूर्ण करण्यासाठी तिला मूठ हातात फिरवून घ्यावी लागत होती, आणि नाणे घोडा पडण्याआधीच खाली येत होते. महिलांसाठी म्हणून विकलेल्या शस्त्रात वजन कमी केले, पेटी मखमली केली, पण चापापर्यंतचे अंतर आणि चापाची ओढ यांकडे पुरेसे पाहिले नाही, असे माझे स्पष्ट मत झाले. पत्नीने निर्भीक काउंटरवर ठेवताना “पेटी मात्र छान आहे” एवढाच शेरा मारला.

अर्थात घोडा अंगठ्याने आधी मागे ओढला, तर दोन्ही शस्त्रांचा चाप बऱ्यापैकी हलका होतो आणि नेम चांगला बसतो. लक्ष्यावर सरावाच्या गोळ्या झाडताना बरेच जण तसेच करतात आणि कागदावरची भोके मित्रांना दाखवतात. पण ज्या प्रसंगासाठी हे शस्त्र जवळ ठेवायचे, त्यात घोडा ओढायला सवड मिळेल हे गृहीत धरणे धोक्याचे आहे, आणि ओढलेला घोडा घाबरलेल्या हाताने पुन्हा हळू खाली सोडणे त्याहून धोक्याचे. म्हणून पारख चापाच्या पूर्ण ओढीवरच करावी. मार्क ३ घेऊन मी सरावाच्या जागी दहा मीटरवर ज्या गोळ्या झाडल्या, त्या घोडा ओढून झाडल्या असता तळहाताएवढ्या जागेत आणि चापाच्या पूर्ण ओढीने झाडल्या असता जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसल्या. निर्भीकची परिणामकारक मर्यादा १५ मीटर सांगतात. माझ्यासारख्याच्या हाती दोन्हींची खरी मर्यादा त्याच्या निम्मी धरावी.

काडतुसाबद्दल थोडे. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ पासूनचे आहे. त्याची गोळी सहा-सव्वासहा ग्रॅमची आणि वेग मंद. आजच्या मोजमापाने ते दुबळेच म्हणावे लागेल, आणि “एका गोळीत काम” वगैरे वल्गना ऐकल्या की हसू येते. मात्र त्याच्या सौम्यपणातच त्याची अचूकता आहे. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या क्रीडाप्रकारात जगभरचे नेमबाज याच काडतुसाचा सपाट तोंडाच्या गोळीचा प्रकार पसंत करतात. आपल्याकडची अडचण निराळी आहे: काडतुसे महाग पडतात, आणि एका वेळी किती बाळगायची व वर्षाला किती घ्यायची याचा आकडा परवान्यावर लिहिलेला असतो, त्यामुळे मनासारखा सराव होत नाही. सराव कमी असणाऱ्याने कडक चापाचे हलके शस्त्र घेणे हा आणखी एक उलटा व्यवहार. जुना साठा पडून राहिला असेल, तर तो आधी सरावात संपवावा. दमट हवेत कपाटात वर्षानुवर्षे राहिलेल्या काडतुसांवर ऐन वेळी भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

बाकीच्या पर्यायांवरून भरभर पुढे जातो. ‘निडर’ हे .२२ बोअरचे आठ घरांचे रिव्हॉल्व्हर अवघे अडीचशे ग्रॅम भरते आणि खिशात विसरून जाण्याइतके लहान आहे. शस्त्र खिशात विसरले जाणे ही माझ्या मते गुणाची बाजू नव्हे, आणि .२२ च्या काडतुसात ठिणगीची दारू बुडाच्या कडेला असल्यामुळे एखादी गोळी न उडण्याची शक्यताही तुलनेने जास्त. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चा पल्ला ५० मीटर सांगितला गेला. त्या आकड्याशी अंगावर बाळगणाऱ्याला काहीच कर्तव्य नाही. पण त्याचे चक्र बाजूला उघडते, आणि चाप आधीच्यांपेक्षा हलका केल्याचा कारखान्याचा दावा काउंटरवर तरी खरा वाटला. वजन मात्र पुन्हा ७०० ग्रॅमच्या घरात. मला हाताळायला मिळालेला नग आधीच कोणासाठी राखून ठेवलेला होता, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही; ज्याला थांबायची तयारी आहे, त्याने तो अवश्य पाहावा. वेब्ली अँड स्कॉट या मूळ ब्रिटिश कंपनीच्या नावाने उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागले आहे. त्याची बाह्य सफाई नजरेत भरते, आणि किंमतही. ‘अशनी’ हे .३२ चे पिस्तूल चपटे असल्यामुळे शर्टाखाली रिव्हॉल्व्हरपेक्षा चांगले लपते. पण रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस उडाले नाही, तर चाप पुन्हा ओढला की पुढचे घर समोर येते; पिस्तुलात मात्र सरक (वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकलेले काढावे लागते, आणि ते कमी सरावाच्या माणसाला घाईत जमत नाही. मी रिव्हॉल्व्हरवर ठाम राहिलो ते एवढ्यासाठीच.

आता ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि माझ्या मते ज्यावर बाळगण्याचे सुख-दुःख निम्म्याहून अधिक अवलंबून असते, ते होल्स्टर. रिव्हॉल्व्हरमध्ये सर्वांत जाड भाग चक्राचा, आणि बाहेरून दिसतो तो फुगवटा त्याचाच. नळी तीन इंची असो वा दोन इंची, ती पँटच्या आत जाते. शर्टाला ढकलतात ते चक्र आणि मूठ. त्यामुळे नळी आखूड असण्याच्या हट्टापेक्षा मूठ शरीराकडे झुकलेली राहील असे होल्स्टर मिळवणे अधिक मोलाचे. दुकानातून फुकट मिळालेले कातडी होल्स्टर पोलिसी धाटणीचे होते. पट्ट्याच्या बाहेर लोंबणारे, मूठ अंगापासून दूर ठेवणारे आणि वर टिचबटणाची पट्टी असलेले. ते लावून आरशासमोर उभे राहिलो, तर शर्टाखाली तांब्या खोचल्यासारखे दिसत होते. शेवटी कॅम्पातल्या एका कातडी कारागिराकडून, शस्त्र न नेता फक्त त्याच्या मापाचा लाकडी साचा देऊन, पँटच्या आत बसणारे आणि चापाचे कडे संपूर्ण झाकणारे होल्स्टर शिवून घेतले. चापाचे कडे झाकलेले असणे ही सोयीची नव्हे, सुरक्षिततेची अट आहे. होल्स्टरशिवाय नुसते कमरेत खोचणाऱ्याने पुढे काही वाचण्याचे कारण नाही.

जागा कोणती, तर उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागे. पोटाशी ठेवले की गादीवर मांडी घालून बसताना मूठ बरगडीत शिरते, आणि पाठीमागे मध्यावर ठेवले तर दुचाकीवरून घसरून पडल्यास सगळा भार मणक्यावर येतो. रस्त्यांची पुण्यातली अवस्था पाहता हा विचार केवळ पुस्तकी नाही. कुल्ह्यामागे ठेवलेले मार्क ३ दुपारपर्यंत जाणवते, पण टोचत नाही. पट्टा मात्र रुंद आणि जाड कातड्याचा हवा, नाहीतर सातशे ग्रॅममुळे पँट एका बाजूला उतरते आणि माणूस सारखा पँट सावरत राहतो; झाकलेल्या शस्त्राची चहाडी करणारी याहून मोठी खूण नाही. निर्भीकचे येथे निर्विवाद पारडे जड आहे. ते साध्या पट्ट्यावरही सरळ राहते आणि संध्याकाळी कंबर दुखत नाही. दिवसातले दहा-बारा तास ज्याला ते खरोखर अंगावर ठेवावे लागते, त्याने माझ्या चापावरील आक्षेपासमोर ही गोष्ट ठेवून आपला आपण निर्णय करावा. नात्यातल्या एक डॉक्टर वहिनी रात्री-अपरात्री रुग्णालयात जातात. त्यांनी निर्भीकच घेतले आहे, पर्समध्ये त्यासाठी स्वतंत्र, बाकी कोणतीही वस्तू न जाणारा कप्पा शिवून घेतला आहे, आणि त्या समाधानी आहेत. त्यांचा हात मात्र माझ्या पत्नीच्या हातापेक्षा मोठा आहे.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कातडे घाम आणि ओल दोन्ही शोषून घेते, आणि रात्रभर होल्स्टरमध्येच राहिलेल्या मार्क ३ वर सकाळी तपकिरी ठिपके उमटलेले मी पाहिले आहेत, विशेषतः चक्राच्या खाचांत आणि बिजागरीच्या फटीत. रोज घरी आल्यावर शस्त्र रिकामे करणे, तेलाच्या फडक्याने पुसणे, होल्स्टर वेगळे वाळत ठेवणे, शस्त्र कुलपाच्या पेटीत आणि काडतुसे निराळ्या कुलपात ठेवणे हा नेम आहे. टायटेनियम गंजत नाही म्हणून निर्भीकवाले निर्धास्त असतात. पण चापाच्या आतल्या कमानी आणि खिळे पोलादाचेच असतात, तेव्हा तेल त्यालाही लागते. माझा बंदूक-दुरुस्ती करणारा जुना कारागीर घोड्याखालचे घर रिकामे ठेवायला सांगतो. सहाऐवजी पाच गोळ्यांवर समाधान मानण्याचा हा सल्ला मी पाळतो, कारण शस्त्र हातून फरशीवर पडणे हा गोळी झाडण्यापेक्षा कितीतरी अधिक संभवनीय प्रसंग आहे.

बाळगता न येण्याच्या जागा इतक्या आहेत, की खरेदीपूर्वी आपला रोजचा दिवस कागदावर मांडून पाहावा. मेट्रो, न्यायालय, मॉल, चित्रपटगृह यांच्या दारातून शस्त्र आत जात नाही, आणि ते गाडीच्या खणात ठेवून आत जाणे म्हणजे ताबा सोडणे. विमानाने जायचे तर आगाऊ कळवून, रिकामे करून, सामानात द्यावे लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की पोलिसांची सूचना येते आणि शस्त्र ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. गणेशोत्सवासारख्या गर्दीच्या काळात निघणारे मनाई आदेशही वाचावे लागतात. हे सर्व वजा जाता माझ्या वाट्याला वसुलीचे दिवस तेवढे उरले. शहरात राहून, शहरात नोकरी करून, केवळ रुबाबासाठी कमरेला लावू पाहणाऱ्याच्या वाट्याला बहुधा काहीच उरणार नाही.

परवान्याच्या प्रक्रियेवर वेगळा लेख होईल, म्हणून एवढेच: पुणे शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे, आणि ग्रामीण भागात हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. माझ्याकडे जुनी बंदूक असल्यामुळे तिची विल्हेवाट आणि नव्या शस्त्राची नोंद हे दोन्ही एकदम मार्गी लावावे लागले.

दुकानाचा अनुभव संमिश्र होता. पहिल्या दुकानात किंमत विचारताच परवान्याची प्रत मागितली, ते योग्यच झाले. पण नंतर शस्त्र हातात देण्याआधी पैसे भरण्याचा आग्रह धरला, तो मान्य करण्यासारखा नव्हता. दुसऱ्या, जुन्या वस्तीतल्या दुकानात वयस्कर मालकांनी स्वतः शस्त्र उघडून, घरे रिकामी दाखवून, मगच माझ्या हाती दिले आणि दोन्ही रिव्हॉल्व्हरे पाहिजे तितका वेळ पाहू दिली. दरांबाबत सांगायचे तर २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे, त्यामुळे त्यापूर्वीचे ऐकीव भाव डोक्यातून काढून टाकावेत आणि करासह लेखी दर घ्यावा. निर्भीक आणि मार्क ३ यांच्या किमतीतील तफावतीत एक उत्तम होल्स्टर, चांगला पट्टा, कुलपाची पेटी आणि सरावाची बरीच काडतुसे बसतात.

मी मार्क ३ घेतले. पत्नीने आपल्या अर्जाचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे, तिच्या बोटाला बसणारा चाप मिळेपर्यंत. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी पैसे देण्यापूर्वी सांगाड्यावर कोरलेला क्रमांक स्वतः मोठ्याने वाचावा, तो बिलावर अंकी आणि अक्षरी लिहून घ्यावा, आणि परवान्यावर नोंद होताना तोच क्रमांक पुन्हा ताडून पाहावा; तीन आणि आठ यांच्या कोरणीत फरक करणे कठीण जाते, आणि नोंदीतला एक आकडा चुकला तर तो दुरुस्त करून घेण्यासाठी परवाना शाखेत खेटे घालावे लागतात.